सोमवारी फोन बंद

"डॉक्टर, तुमच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठलंय," डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला.

बारामतीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी बसलो होतो. समोर माझ्याच डोळ्याचं चित्र होतं. करड्या रंगाचे एकावर एक थर, आणि मधोमध एक फुगवटा. तव्यावर भाकरी फुगते ना, तसा. या तपासणीला ओसीटी म्हणतात. डोळ्याला हात न लावता, नुसत्या उजेडानं आतल्या थरांचा फोटो काढतात. दुखत नाही. दोन मिनिटांत होतं.

"याला सेंट्रल सिरस रेटिनोपॅथी म्हणतात," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, त्याच्या खालच्या थरातून पाणी पाझरतं आणि पडदा उचलला जातो. म्हणून तुम्हाला मधोमध डाग दिसतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते."

"औषध?"

"सध्या काही नाही."

"थेंब? इंजेक्शन?"

"नाही. बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप जिरतं. तोपर्यंत पुरेशी झोप, विश्रांती, आणि वाट बघायची."

मी गुरांचा डॉक्टर आहे. सणसरमध्ये राहतो, आणि वीस वर्षं झाली, काटेवाडीपासून पळसदेवपर्यंत गोठ्यागोठ्यात फिरतो. 'वाट बघा' एवढाच इलाज मी सांगितला, तर शेतकरी संध्याकाळपर्यंत दुसरा डॉक्टर बोलावतो. मलाही तेच करावंसं वाटलं. उठावं आणि पुण्याला जाऊन दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांना डॉक्टरांनी 'विश्रांती घ्या' असं सांगितलंय आणि ती घ्यायची कशी हेच ज्यांना कळत नाही. मला कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

सुरुवात दहा-बारा दिवस आधी झाली होती. ऊसतोडीचा हंगाम होता. सकाळी मोटारसायकलवरून कालव्याच्या कडेनं निघालो तर समोरचा विजेचा खांब मध्येच कंबरेत वाकलेला दिसला. मला वाटलं, ट्रॉलीनं धडक दिली असेल. पुढचा खांबही तसाच. त्याच्या पुढचाही. थांबलो, डोळे चोळले. डावा डोळा झाकला की मधोमध रुपयाएवढा राखाडी डाग. उजवा झाकला की सगळं सरळ.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं. बायको मनीषा गावातल्याच शाळेत शिक्षिका आहे. तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी रजा टाकून मला बारामतीला नेलं असतं, आणि त्या दिवशी माझी अकरा कामं होती.

शेवटी दवाखान्यात नेलं ते एका गाईनं. काटेवाडीला रामभाऊ तात्यांच्या गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय बसली होती. दुग्धज्वर. व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम कमी होतं आणि गाय मान टाकून बसते. मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडलं की तासाभरात उठते. हे काम मी डोळे मिटून करतो, असं मी स्वतःच लोकांना सांगायचो.

सुई टोचली, बाटली लावली. तात्या कंदिलासारखी बाटली वर धरून उभे होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "डाक्टर, मान फुगाया लागलीय की वो. सुई बाहीर हाय का काय?"

सुई शिरेत नव्हतीच. औषध कातडीखाली जात होतं. मी घाईनं सुई काढली, दुसऱ्या बाजूनं टोचली, तेव्हा ती बसली. गाय उठली, वाचली. पण मानेवर नारळाएवढी सूज राहिली.   त्या संध्याकाळी मी मनीषाला सगळं सांगितलं.

दवाखान्यात मॅडमनी बरेच प्रश्न विचारले. झोप किती? म्हटलं, चार-साडेचार तास. सुट्टी कधी घेता? मला आठवेना. मनीषा शेजारून म्हणाली, "मुलीच्या बारशाला अर्धा दिवस घेतली होती." मुलगी आता नववीत आहे.

"स्टेरॉइड घेता का? गोळी, इंजेक्शन, दम्याचा पंप, कातडीला लावायचं मलम, काहीही?"

मी खाली बघून सांगितलं. खरं सांगायला लाज वाटत होती. हिवाळ्यापासून माझी कंबर धरली होती. गाभण गाई तपासायच्या, अडलेली वासरं ओढायची, वर दिवसभर मोटारसायकल. कंबर धरून बसलो तर कामं कोण करणार? म्हणून माझ्याच बॅगेतलं, जनावरांसाठीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन मी स्वतःला टोचून घेत होतो. सूज झटकन उतरवणारं औषध ते. एकदा नाही, पाच-सहा वेळा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या मनानं गाईला हे टोचलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?"

मी काय म्हणालो असतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या आजारात स्टेरॉइड हे मोठं कारण असतं, ताण आणि जागरण ही दुसरी, असं त्यांनी समजावलं. ज्यांना असा डाग दिसत असेल त्यांनी एवढं तरी करा. कुठलंही मलम, पंप, इंजेक्शन चालू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. लपवू नका. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर ते आपल्या मनानं बंदही करू नका, विचारून करा.

त्यांनी मला एक कागद दिला. अ‍ॅम्सलर ग्रिड. बारीक चौकटींची जाळी, मधोमध टिंब. रोज सकाळी एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर ठीक, वाकड्या दिसल्या तर आजार आहे. एका महिन्यानं परत यायचं.

तो महिना मी घरी काढला. निदान लोकांना तसंच सांगितलं. खरं तर मी घरातूनच दवाखाना चालवत होतो. सकाळी साडेपाचपासून फोन. 'ताप किती? रवंथ करती का? शेण कसं पडलं? व्हिडिओ पाठव.' व्हिडिओ डाव्या डोळ्यानं बघायचो. मनीषा शाळेतून आली की मी फोन उशीखाली सरकवायचो. मधल्या वेळात त्या चौकटींच्या कागदाकडे बघायचो. दिवसातून एकदा बघायला सांगितलं होतं, मी पंचवीस वेळा बघायचो. रेघा वाकड्याच. मग चिडचिड. मुलीनं टीव्ही लावला तरी ओरडायचो, बंद केला तरी ओरडायचो.

महिन्यानं परत ओसीटी काढली. फुगवटा कमी झाला नव्हता. उलट थोडा रुंद झाला होता.

"अहो, पण मी विश्रांती घेतली की," मी म्हणालो.

मॅडमनी आधी मनीषाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही विश्रांती घेतली नाही. तुम्ही फक्त घरी थांबलात."

डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते, त्यामुळे सगळं धूसर दिसत होतं. बाहेर बाकावर बसलो. शेजारी मोतीबिंदूचे म्हातारे ओळीनं बसले होते. त्यातल्या एकानं मला विचारलं, "कवा हाय आपरेशन?" मी म्हटलं, "माझं ऑपरेशन नाही." "मग बरंय की," तो म्हणाला. मला रडू आलं. थेंबांचं पाणी म्हणून मी ते पुसलं. डोळा गेला तर मी काय करणार? गुरांच्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही. घरी स्वस्थ बसताही येत नाही, हे तर महिनाभरात सिद्धच झालं होतं.

परत येताना मनीषानं काटेवाडीला गाडी थांबवली. तात्यांच्या गाईची मान बघायची होती. सूज उतरली होती, थोडं कातडं कडक राहिलं होतं. तात्यांनी डोळ्याची हकिगत ऐकून घेतली.

"डाक्टर, एक बोलू का?" ते म्हणाले. "आमच्या वडलांच्या काळात दावणीला चार बैल हुतं. सोमवारी औत न्हाय धरायचं. नांगरट अर्धी ऱ्हाऊ द्या, न्हाय तर आभाळ येऊ द्या. सोमवार म्हंजी बैलाची सुट्टी. मुक्या जनावराला जे दिलं, ते तुमी सोताला का देत न्हाय?"

"तात्या, जनावर सोमवार बघून आजारी पडतंय का?"

"मग तुमी एकलंच डाक्टर हाय व्हय मुलखात?"

मनीषानं गाडी चालू केली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "डॉ. तांबोळींना फोन करा."

डॉ. तांबोळी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावात दवाखाना टाकला. माझी काही घरं त्यांच्याकडे गेली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. बंद मीच केलं होतं. त्यांनी नाही. रस्त्यात दिसले की ते हात करायचे आणि मी समोर बघून गाडी हाणायचो.

फोन करायला मला तीन दिवस लागले. सगळं सांगितलं आणि विचारलं, "सोमवारचे माझे फोन तुमच्याकडे वळवले तर चालतील का?"

 मग ते म्हणाले, "चालतील, सर. पण मग शुक्रवारी दुपारी माझे तुम्ही घ्याल का? नमाजला जातो तरी खिशात फोन वाजत असतो. गेली चार वर्षं मन लागलेलं नाही." लगेच पुढे म्हणाले, "डोळा बरा झाल्यावर हं. घाई नाही."

याही माणसाला कुणीतरी विचारायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मॅडमनी सांगितलं होतं की या काळात गाडी चालवू नका, बारीक काम करू नका. म्हणून बाकीचे दिवस मी सकाळी दोन तास फोनवर सल्ला द्यायचा, तोही मनीषा घरात असताना, असं ठरलं. सोमवारी मात्र काहीच नाही. कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी व्यायाम दिले. बॅग कपाटात गेली, किल्ली मनीषाकडे.

पहिला सोमवार भयानक गेला. सकाळी सात वाजता फोन वळवला आणि सव्वासातला तो चालू आहे का ते बघितलं. फोन वाजत नव्हता आणि मला तो वाजल्याचा भास होत होता. अंगणात येरझाऱ्या घातल्या. नळाची तोटी दुरुस्त केली, जी चांगली होती. अकरा वाजता तांबोळींना फोन केला, "काही अडचण?" ते म्हणाले, "नाही सर. आराम करा." बाराला परत केला. एकला केला तेव्हा त्यांनी उचललाच नाही.  मग आडवा पडलो. डोळे मिटले की कानात एकच आवाज, वाजणाऱ्या फोनचा, आणि तो मला चांगला ओळखीचा होता. त्याच आवाजासाठी मी आठ वर्षं धड झोपलो नव्हतो.

ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

आठ वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, सलग दोन दिवस लसीकरण करून मी घरी आलो. दुपारी जेवलो, फोन बंद केला आणि झोपलो. तीन तासांनी उठून फोन चालू केला तर एकाच नंबरच्या सतरा मिस्ड कॉलचे मेसेज. नंबर पळसदेवच्या सुमनबाईंचा. त्यांचे मालक उजनी धरणात मासेमारी करायचे आणि दोन गाई सुमनबाईंच्या. पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे गाईंनी खाल्ले होते. त्यात विष असतं. वेळेत शिरेतून औषध गेलं तर जनावर वाचू शकतं. मी पोचलो तेव्हा दोन्ही गाई आडव्या होत्या. सुमनबाई एकीच्या तोंडावरच्या माशा हाकत बसल्या होत्या. 

त्या दिवसापासून मी फोन बंद केला नाही. आणि त्या घरीही गेलो नाही. त्या वस्तीवरचं काम आलं की काहीतरी सबब सांगायचो.

काम करत असलो की हे आठवत नसे. सोमवार आला की आठवायचं. दुसरा सोमवार, तिसरा सोमवार, तेच. मला वाटायचं, ही विश्रांती आहे की शिक्षा? मी मनीषाला म्हणालो, "हे बंद करतो. कामावर बरा होतो मी." ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कामावर तुम्ही बरे नव्हता. कामावर तुम्हाला वेळ नव्हता."

चौथ्या सोमवारी मी एसटीनं पळसदेवला गेलो. उतरल्यावर दहा मिनिटं पाराशीच उभा होतो. उजनीचं पाणी बरंच मागं सरलं होतं. जुन्या देवळाचा कळस वर आला होता, खालचं देऊळ अजून पाण्यात होतं. ऊन लागत होतं. परतीची गाडी येताना दिसली. हात वर करावासा वाटला. केला नाही, आणि वस्तीकडे चालू लागलो.

सुमनबाई दारात शेळीला पाला टाकत होत्या. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"डाक्टर? कुनी बोलिवलं तुमाला?"

"कुणी नाही. मीच आलो."

त्यांनी खाट टाकली. मी बसलो आणि आठ वर्षं मनात जुळवलेलं सगळं एका दमात बोललो. त्या दिवशी मी झोपलो होतो. फोन बंद होता. जागा असतो तर कदाचित वाचल्या असत्या. मला वाटत होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या डॉक्टर, नशीब. किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी होती.

त्या पाला टाकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचल्या असत्या का न्हाय, मला काय ठावं. लई रडले मी तवा. रागबी आला तुमचा. पन मानूस हाय, झोपल की. त्याचं काय न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर तुमी परत आमच्या दाराम्होरं आला न्हाय, त्ये लागलं. शेजारच्याकडं येनार हुता, आमचं नाव निघालं तर आला न्हाय म्हनं. आमी काय केलतं तुमचं?"

 मी जागाच राहिलो होतो आठ वर्षं, असं सांगणार होतो. पण त्या जागरणाचा त्यांना काय उपयोग झाला होता? ज्या एका घरी जायला हवं होतं ते सोडून मी सगळीकडे पळत होतो.

"चुकलो," मी म्हणालो.

"च्या घेनार का?"

घेतला. शेळीच्या पायाला जखम होती, ती बघायला मी आपसूक वाकलो. त्या म्हणाल्या, "डोळा बरा न्हाय म्हनता न्हवं? मग गप बसा. हळद लावलीय तिला."

मी गप्प बसलो. बऱ्याच वर्षांनी एखाद्या गोठ्याशेजारी काही न करता नुसता बसलो. परतीच्या बारामती एसटीत झोपलो आणि सणसर मागे टाकून पुढे गेलो. कंडक्टरनं उठवलं.

त्यानंतर दुखणं एकदम पळालं, असं काही झालं नाही. सोमवारी सकाळी जीव घाबरायचाच. पण तो आवाज ऐकू आला तर मी उठून तोटी दुरुस्त करायला जात नव्हतो. मुलीबरोबर शेंगा फोडत बसायचो. दुपारी देवापुढे थोडा वेळ बसायचो. मी फार देवधर्म करणारा नाही, मागायचं काय ते कळायचं नाही, म्हणून मागत नव्हतो. नुसता बसायचो. कधी पाच मिनिटांत उठायचो, कधी पाऊण तास जायचा. झोप चार तासांवरून साडेसहावर आली.

तिसरी ओसीटी मे महिन्यात झाली. मॅडमनी चित्र दाखवलं. थर जवळजवळ सपाट झाले होते, मधे एक बारीक फट उरली होती.

"जिरत आलंय," त्या म्हणाल्या. "पण हा आजार परत येऊ शकतो. काळजी आयुष्यभर."

मी विचारलं, "सुट्टीमुळे गेलं का?"

"तसं सांगता येणार नाही. स्टेरॉइड थांबलं, झोप वाढली, आणि कित्येकांचं आपोआपही जातं. पण तुमचा रक्तदाब पहिल्या भेटीपेक्षा उतरलाय, आणि आज तुम्ही मला एकदाही मध्येच तोडलं नाही."

म्हणून सुट्टीनं डोळा बरा होतो, असं मी कुणाला सांगणार नाही. उपचार डॉक्टरांचे घ्या. उजव्या डोळ्याला लाल रंग अजून किंचित फिका दिसतो, तो तसाच राहील कदाचित. पण एक दिवस ठरवून घ्या, तो कुणाला तरी सांगून घ्या, आणि त्या दिवशी तुमचं काम कोण बघणार ते आधी ठरवा. आपल्यावाचून अडतं असं वाटत असेल तर आणखी आधी ठरवा. आणि पहिले काही दिवस फार वाईट जातील. काम थांबलं की आत दाबून ठेवलेलं वर येतं. त्याला घाबरून परत कामाला पळू नका. मी पळणारच होतो.

जूनपासून मी पुन्हा गोठ्यांत जातो. शुक्रवारी दुपारी तांबोळींचे फोन माझ्याकडे येतात. एका शुक्रवारी ते नमाजनंतर थेट आमच्या घरी आले, शिरखुर्मा घेऊन. ईद होऊन बरेच दिवस झाले होते. म्हणाले, "ईदला तुम्हाला फोन करायचा धीर झाला नव्हता, सर. आईनं आज मुद्दाम परत केला." त्यांचे, मॅडमचे, तात्यांचे उपकार मोठे आहेत. मनीषाचे उपकार म्हणायला गेलो तर ती रागावेल.

गेल्या सोमवारी तिला शाळेला सुट्टी होती. दोघं मिळून पळसदेवला गेलो, सुमनबाईंकडे चहा घेतला आणि पाण्याच्या कडेला जाऊन बसलो. धरण आता भरलंय. मला अजूनही पहिली दहा मिनिटं बसवत नाही. पाय हलतो, खिसा चाचपला जातो. मग हळूहळू थांबतो.

तासाभरानं मनीषा उठली, साडी झटकली. "चला, निघू या. उद्याचे पेपर काढायचेत मला. घरी कितीतरी कामं पडलीत."

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "बस गं. अजून थोडं बसू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बसली.